सहा खडपं, तीन भांग: मालवणच्या प्रवाळांची तब्येत मोजताना

ऑगस्ट २०२३ मध्ये मालवणच्या प्रवाळांच्या सर्वेक्षणासाठी स्वयंसेवक हवेत असं एका मैत्रिणीकडून कळलं. मी फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "पोहता येतं का?" मी म्हटलं, येतं, विहिरीत शिकलेय. दुसरा प्रश्न होता, "वर्षभरात तीनदा येऊ शकाल का? तारखा आम्ही नाही, समुद्र ठरवणार." या प्रश्नाशी मी अडखळले. मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकं, बारावीची परीक्षा, पेपर तपासणी यांच्या तारखा समुद्राला विचारून ठरत नाहीत. पण मालवण माझं आजोळ. धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत मी लहानपणापासून कितीदा तरी बसले असेन. त्या होडीच्या खाली जिवंत प्रवाळ आहेत, हे मात्र मला एम.एस्सी.ला गेल्यावर पुस्तकातून कळलं. ती खंत मनात होती. मी हो म्हटलं.

आता काम पूर्ण झालंय. अशा सर्वेक्षणात नेमकं काय करतात, किती दिवस जातात, किती खर्च येतो, हे मला तेव्हा मराठीत कुठं वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतेय. खडपांची, म्हणजे पाण्याखालच्या कातळांची, नावं आणि ठिकाणं देत नाही. जागा कळली की तिथं होड्या वाढतात आणि नांगर पडतात. त्यामुळे इथं ती खडप एक ते सहा.

आधी काम काय होतं ते सांगते. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचा भाग येतो. नकाशावर हा सलग निळा तुकडा दिसतो. प्रत्यक्षात प्रवाळ सगळीकडे नाहीत. पाण्याखालचा कातळ जिथं वर आलाय तिथं, चकत्याचकत्यांनी आहेत. आमच्या गटानं अभयारण्यात आणि त्याच्या कडेला अशी सहा खडपं निवडली होती. त्यांतली दोन ठरवायची होती, जिथं नांगर टाकणं थांबवून होड्या बांधायला कायमचे बोये, म्हणजे तळाशी बांधलेले तरंगते गोळे, बसवावेत आणि पर्यटकांच्या डुबक्यांवर मर्यादा घालावी, अशी शिफारस करता येईल. सहांना एकदम पुरेल एवढा पैसा नव्हता, आणि मच्छीमारांची तेवढी तयारीही नव्हती.

सप्टेंबर-ऑक्टोबर पोहण्यात गेले. विहिरीतलं पोहणं आणि दोनशे मीटर न थांबता पोहणं यात फरक आहे. तरणतलावाची दोन महिन्यांची फी बाराशे रुपये. डायव्हिंगसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. मला सर्दीचा त्रास आहे म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे वेगळं जावं लागलं, सगळे मिळून चौदाशे. तुम्हाला सायनसचा त्रास असेल तर कोर्सचे पैसे भरण्याआधी हे करून घ्या, नंतर नको. नोव्हेंबरात तारकर्लीला चार दिवसांचा कोर्स केला, सत्तावीस हजार रुपये. माझ्या सगळ्या खर्चातला हा सर्वांत मोठा आकडा. मास्क आणि स्नॉर्केल स्वतःचं घेतलं, साडेचार हजार. भाड्याचा मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर पाणी शिरतं आणि सगळं लक्ष तिकडं जातं, म्हणून एवढी एक वस्तू आपली असावी असं माझं मत आहे.

कोर्समध्ये मला कानांची भीती वाटत होती. अवघड निघालं ते पाण्यात स्थिर राहणं. श्वास आत घेतला की माणूस वर जातो, सोडला की खाली. प्रवाळांच्या वर हातभर अंतर ठेवून, तळाला पाय न लावता, लिहीत राहायचं असतं. पायातल्या पंखाचा एक फटका चुकला की गाळ उठतो आणि पुढची पाच मिनिटं काही दिसत नाही. प्रशिक्षकांनी सांगितलं की निदान वीस डुबक्या झाल्याशिवाय मोजणीचा टेप हातात घेऊ नका. मी अठरा केल्या होत्या. त्या दोन डुबक्यांचं महत्त्व पुढं कळलं.

अजून एक गोष्ट घाटावरच्या लोकांसाठी. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये हे सगळ्यांना सांगतात. पण मालवणहून कोल्हापूरला यायचं तर घाट चढावा लागतो, आणि कोल्हापूर स्वतः समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. आमच्या डुबक्या उथळ होत्या, पाच-सहा मीटरच्या, तरीही गटानं नियम ठेवला होता: शेवटच्या डुबकीनंतर अठरा तास घाट चढायचा नाही. म्हणजे मुक्कामाचा एक दिवस जास्त. रजेचा हिशोब करताना तो धरा. एसटीचा प्रवास साधारण साडेचार तासांचा, आणि बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे तो खर्च जाणवला नाही.

परवानगीची बाजू मी पहिल्यांदाच जवळून पाहिली. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला, किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा घरी नेता येत नाही. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज गटप्रमुखांनी सप्टेंबरात केला होता. तो एकदा परत आला, कारण आम्ही सहा ठिकाणांचे अक्षांश-रेखांश वेगळ्या जोडपत्रात दिले नव्हते आणि "कोणताही नमुना गोळा केला जाणार नाही" हे वाक्य स्पष्ट लिहिलं नव्हतं. चूक आमचीच होती. दुसऱ्यांदा अर्ज करताना प्रत्येक सहभागीचं ओळखपत्र, डायव्हिंगचं प्रमाणपत्र, वापरायच्या साधनांची यादी, होडीचा नोंदणी क्रमांक आणि पाण्याखाली जे काही ठेवणार त्याचं वर्णन जोडलं. तापमान नोंदवणारी अंगठ्याएवढी यंत्रं खडकाला बांधायची होती, त्यांचाही उल्लेख हवा होता. परवानगी जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हातात आली. शिवाय प्रत्येक फेरीआधी सागरी पोलिसांना लेखी कळवायचं असे. हे सगळं जमवायला चार महिने धरून चाला.

परवानगी येईपर्यंत अभयारण्याबाहेर डिसेंबरात सराव केला, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा तोच होता. पद्धत सोपी दिसते. वीस मीटरचा टेप तळाशी समान खोलीवर पसरायचा. टेपच्या खाली जे येईल ते सेंटीमीटरमध्ये लिहीत जायचं: इथून इथपर्यंत गोटा प्रवाळ, मग वाळू, मग मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ, मग पुन्हा प्रवाळ. प्रत्येकाला दोन-तीन अक्षरी संकेत असतो. खरवडलेल्या प्लास्टिकच्या पाटीवर साध्या शिसपेन्सिलीनं लिहायचं. पेन्सिल दोरीनं पाटीला बांधायची आणि टोक केलेली दुसरी बाहीत ठेवायची. शेवटी प्रवाळाच्या सेंटीमीटरांची बेरीज करून तिला दोन हजारांनी भागायचं आणि शंभरानं गुणायचं. टक्का मिळतो.

पहिल्या दिवशी एकाच टेपवर मी आणि माझी जोडीदारीण पाठोपाठ उतरलो. माझा टक्का आला एकतीस, तिचा बावीस. टेप तोच, पाणी तेच. संध्याकाळी दोघींच्या पाट्या शेजारी ठेवून सेंटीमीटर-सेंटीमीटर तपासलं. झोअँथिड नावाचे प्रवाळांचे मऊ भाऊबंद खडकावर गोधडीसारखे पसरतात, ते मी दोन ठिकाणी प्रवाळ म्हणून धरले होते. एका गोट्याची कड मेलेली होती, तिच्यावर आखूड शेवाळ उगवलं होतं, ती मी जिवंत लिहिली होती. मला त्या रात्री झोप आली नाही. मी इतकी वर्षं प्रवाळ शिकवतेय, आणि समोर आल्यावर जिवंत कुठला, मेलेला कुठला हे मला ओळखता आलं नव्हतं. गटप्रमुख म्हणाल्या, "यासाठीच डिसेंबर ठेवलाय." चार दिवस तेच केलं. दोघींमधला फरक तीन टक्क्यांच्या आत आल्यावरच आमच्या आकड्यांना मान्यता मिळाली. कुठल्याही सर्वेक्षणाचा अहवाल तुमच्या हाती आला, तर मोजणाऱ्यांनी आधी आपापसात पडताळणी केली होती का, हे विचारा. त्याशिवाय दोन जागांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मेलेला आणि विरंजित यांतला फरकही तिथंच शिकले. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, त्याच्यामुळे त्याला रंग आणि बहुतेक अन्न मिळतं. पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि ते महिनाभर तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो. पांढरा पडतो, पण जिवंत असतो. हेच विरंजन. जवळून पाहिलं तर काचेसारखी पातळ कातडी दिसते. पाणी निवलं तर रंग परत येऊ शकतो, नाही तर उपासमारीनं मरतो. नुकता मेलेलाही पांढराच असतो, पण त्याच्यावर कातडी नसते आणि सांगाड्याची नक्षी उघडी दिसते. जुना मेलेला शेवाळानं तपकिरी-हिरवा होतो. म्हणून एका दिवसाच्या पाहणीवरून खडप आजारी आहे की बरं होतंय हे सांगता येत नाही. तीन फेऱ्या त्यासाठी होत्या.

पहिली फेरी १८ ते २१ जानेवारी २०२४. आमचे होडीवाले काका साठीचे, आयुष्यभर त्याच पाण्यात मासेमारी केलेले. आम्ही आधी १२ तारीख धरली होती. काका फोनवर म्हणाले, "मॅडम, आता उतरूचा नाय. उधाण आसा, पाणी गढूळ. भांग येवंदे, मगे बघूया." अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि गाळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला ओढ कमी असते आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. आमच्या पुस्तकांत भरतीचे तक्ते होते, पण त्या तक्त्यांवरून दिवस कसा निवडायचा हे काकांकडून शिकलो. १८ ला अष्टमी होती. त्या दिवशी खाली चार मीटरपर्यंत दिसलं. मालवणच्या मानानं हे फार चांगलं.

रोज दोन खडपं. सकाळी सातला निघायचं, दहा-साडेदहाला वारा उठायच्या आत पहिलं संपवायचं. प्रत्येक खडपावर चार टेप. टेप टाकल्यावर दहा मिनिटं लांब थांबायचं, म्हणजे पळालेले मासे परततात. मग टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरमधले मासे मोजायचे. शेवाळ खाणारे किती हे विशेष पाहायचं, कारण तेच प्रवाळांसाठी जागा साफ ठेवतात. मग टेपवरची नोंद. मग पीव्हीसी पाइपाची अर्ध्या मीटरची चौकट ठेवून प्रत्येक मीटरला एक फोटो. शेवटी पाच सेंटीमीटरपेक्षा लहान प्रवाळ, म्हणजे नवी पिढी, शोधत फिरायचं. हे शेवटचं काम मला सर्वांत आवडलं. नाक खडकाला लागेल इतकं खाली जायचं, आणि गुलाबी कवचासारख्या शैवालावर नखाएवढं, तांदळाच्या पिठाच्या ठिपक्यासारखं एखादं पिल्लू दिसायचं.

आपल्या प्रवाळांबद्दल इथं सांगायला हवं. चित्रांतल्या शिंगांसारख्या फांद्या इथं शोधू नका. मालवणचे प्रवाळ बहुतेक गोटे किंवा कातळाला चिकटलेले थर: पोराइट्स, फॅविट्स, गोनियास्ट्रिया, सायफॅस्ट्रिया, आणि पानाच्या द्रोणासारखा टर्बिनारिया. पावसाळ्यात नद्यांचं गोडं, गढूळ पाणी यांच्या अंगावर येतं. अंगावर बसलेला गाळ ते चिकट स्राव सोडून झटकतात, आणि ती ताकद कुठंतरी वाढीतून कमी होते. अशा पाण्यात टिकून राहिलेले हे जीव आहेत. खडप दोनवर माझ्या खांद्यापर्यंत येईल असा पोराइट्सचा गोटा पाहिला. हे गोटे वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे हा शंभर वर्षांहून जुना. त्याच्या डोक्यावर नांगरानं काढलेला ताजा, पांढरा, हातभर लांब ओरखडा होता. मी तिथं पाटीवर लिहायचं विसरून बराच वेळ नुसती पाहत राहिले.

फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, आणि माझ्यासाठी फोटोंचेही. सहा खडपं, चार टेप, वीस फोटो, म्हणजे ४८० फोटो. संगणक प्रत्येक फोटोवर पंचवीस ठिपके टाकतो, आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते आपण सांगायचं. बारा हजार ठिपके. निम्मे माझ्या वाट्याला होते. एका फोटोला सहा मिनिटं धरली तर चोवीस तास. बारावीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर रात्री दहा ते बारा बसत होते. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी घाईनं करू नका. डोळे थकले की सगळंच शेवाळ दिसू लागतं. मी चाळीस मिनिटांनी उठायचे.

दुसरी फेरी एप्रिलच्या शेवटी ठेवली होती. पण ७ मे ला लोकसभेचं मतदान, आणि मला निवडणुकीचं काम आलं. प्रशिक्षणाच्या तारखा, साहित्य वाटप, मतदान. हे टाळता येत नाही. गटातल्या आणखी दोघींचं तेच. फेरी पुढच्या भांगावर गेली, १६ ते १८ मे. मला काळजी होती की उशीर झाला, पाऊस तोंडावर आला. पण झालं असं, की पाण्याची उष्णता तोवर पूर्ण चढली होती आणि तिचा परिणाम स्पष्ट दिसला. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याच्या बातम्या येत होत्या. एप्रिलमध्येच जगभरातलं चौथं महाविरंजन जाहीर झालं होतं. आमच्या खडपांवर तेवढं नव्हतं. पण जानेवारीत तपकिरी-हिरवे पाहिलेले गोटे मे महिन्यात फिके होते, काहींचा माथा पूर्ण पांढरा.

रंग मोजायला एक प्लास्टिकचं कार्ड असतं, त्यावर फिक्यापासून गडदपर्यंत सहा छटा. एका वसाहतीचा, म्हणजे एका गोट्याचा किंवा थराचा, सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग त्याच्याशी जुळवायचा. दोन घरांनी रंग उतरला असेल तर ती खरी घट धरायची. आम्ही प्रत्येक खडपावर दहा वसाहती ठरवून ठेवल्या होत्या. खूण त्यांना नाही, शेजारच्या मेलेल्या कातळाला बांधली होती. कार्ड नेहमी दिवसाच्या त्याच वेळी वापरा, कारण ऊन बदललं की डोळ्याला छटा वेगळी भासते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, होड्या वर ओढायच्या आधी, मच्छीमारांबरोबर बैठक झाली. मी आकड्यांचा तक्ता घेऊन गेले होते. एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, "तुमी मोजतलास नि जातलास. बंदी येतली ती आमच्यार." खोलीत कुणी काही बोललं नाही. १९८७ पासून अभयारण्य या शब्दाला इथं जो विरोध आहे तो या भीतीतून आलाय, आणि ती भीती मला खोटी वाटत नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) ओढणाऱ्या किंवा गरीनं, म्हणजे गळानं, मासे पकडणाऱ्या माणसानं प्रवाळ संपवलेले नाहीत. आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि खडपांबद्दल विचारत गेलो. तीन तास गेले. पाचव्या खडपाबद्दल आमचे होडीवाले काकाच म्हणाले, "ह्या खडपार आमी नांगर टाकणव नाय. हय शेवंड गावता." तिथं कपारी आहेत, शेवंडांचा (लॉबस्टरांचा) थारा आहे, आणि नांगर टाकला की कपारी फुटतात हे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ठरलेलं. आमच्या कुठल्याच रकान्यात ही माहिती नव्हती. पाचवर लहान प्रवाळ सर्वांत जास्त का, याचा एक धागा मला तिथं मिळाला. दुसऱ्या एका होडीवाल्यानं सुचवलं, "बोयो घाला. होडी तेकाच बांधतलाव." गरीची मासेमारी बंद करायला मात्र कुणी तयार नव्हतं, आणि आम्ही ती मागणी सोडून दिली.

तुम्ही असं काम करणार असाल तर ही बैठक शेवटी ठेवू नका. आम्ही ती पहिल्या फेरीआधी घ्यायला हवी होती. कदाचित सहा खडपं वेगळीच निवडली असती.

तिसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीत, ८ ते १० नोव्हेंबर २०२४. पावसाळ्यानंतरचं पाणी अजून पूर्ण निवळलं नव्हतं, दोन-अडीच मीटर दिसत होतं. तरी याच फेरीची मी सहा महिने वाट पाहिली होती. पाचवर उतरले. मे महिन्यात फिक्या पडलेल्या वसाहती एकेक करून शोधल्या. कार्ड लावलं. सगळ्यांना रंग आला होता. पाण्याखाली रडता येतं, मास्क धुसर होतो एवढंच. दुसऱ्या खडपावर मात्र आमच्या दहांपैकी दोन वसाहती मेल्या होत्या, त्यांच्यावर शेवाळ चढलं होतं, आणि तिसरीच्या कडेवर गाळ साचला होता. तिथला तो मोठा गोटा जागेवर होता. ओरखडा अजून भरला नव्हता.

निवडीच्या वेळी गटात वाद झाला. जिवंत प्रवाळाचा टक्का पाहिला तर दोन पहिल्या क्रमांकावर होतं, पाच चौथ्या. काहींचं म्हणणं, सर्वांत जास्त प्रवाळ जिथं, ते वाचवा. माझं म्हणणं वेगळं होतं. टक्का म्हणजे आजवर जमलेली पुंजी. दोनवर जुने मोठे गोटे आहेत, पण लहान जवळपास नाहीत, म्हणजे त्यांच्यामागं कुणी येत नाही. पाचवर पुंजी कमी, पण पिल्लं आहेत, शेवाळ खाणारे मासे आहेत, उन्हाळा सोसून उभं राहण्याची ताकद तीन फेऱ्यांत दिसली आहे, आणि ज्यांची मासेमारी तिथं चालते त्यांनीच ते जपलंय. शेवटी पाच पहिलं ठरलं. दुसऱ्या जागेसाठी खडप दोन घेतलं, पण कारण वेगळं लिहिलं: तिथला मुख्य धोका नांगर आहे, तो बोयांनी लगेच थांबवता येतो, आणि शंभर वर्षांचा गोटा पुन्हा मिळणार नाही. खडप चारसाठी मी शेवटपर्यंत बोलले. तिथला टर्बिनारिया सुंदर आहे. पण गाळ जमिनीवरून येतो, आणि बोये त्याला काही करू शकत नाहीत. ते यादीतून गेलं, याचं वाईट वाटतं.

मध्येच कुणीतरी विचारलं होतं, एवढं मालवणचं करता, मग आंग्रिया बँकेचं काय? विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार आपल्याकडच्या प्रवाळांचं फार मोठं ठिकाण आहे. पण ते बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर पडतं, तिथं अभयारण्याचा मार्ग चालत नाही, १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो. तिथली डुबकी वीस मीटरहून खोल, मोठं जहाज लागतं. ते आमच्यासारख्या स्वयंसेवकांच्या आवाक्यातलं नाही. मालवणचं आहे.

माझा स्वतःचा एकूण खर्च, कोर्स धरून, बेचाळीस हजारांच्या आसपास गेला. होडी, सिलिंडर आणि मुक्काम प्रकल्पातून होता. रजा एकूण नऊ दिवसांची.

अहवाल आणि शिफारस फेब्रुवारी २०२५ मध्ये सादर झाली. पोच मिळाली आहे, उत्तराची वाट पाहतोय. बोये कधी बसतील सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. पाचच्या कडेला, वाळूत, त्यांनी दगडाला दोर बांधून एक रिकामा कॅन सोडलाय, म्हणजे बाहेरच्या होडीवाल्यांना खडप कळावं. मला आता ते मॅडम म्हणत नाहीत. "बाय, खालची पिल्ला बघूक कधी येतंस?" असं विचारत होते. ५ एप्रिल २०२५ ला अष्टमी आहे, रामनवमीच्या आदल्या दिवशी. त्या भांगाला जाणार आहे.